लॅबमधला मार्च महिना आणि तुझा बंद पडलेला तबला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी तो थोडक्यात सांगते. तू नॉर्थ कॅरोलायनात बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करायला आलास, हे दुसरं वर्ष. जानेवारी उजाडला की लॅबमध्ये कॉलेज बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो, आणि मार्चमध्ये तर पीआयसुद्धा, म्हणजे लॅबचे प्रमुख, ग्रुप मीटिंग लवकर आटोपतात. पाच डॉलर काढून ‘ब्रॅकेट’, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या सगळ्या सामन्यांच्या निकालांचा अंदाजाचा तक्ता, भर असं सगळे म्हणाले, तेव्हा तू काहीतरी कारण सांगून टाळलंस. जेवणाच्या टेबलावर गप्प बसतोस. घरी असताना कॉलेजच्या कबड्डी संघात होतास, तबल्याच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या होत्यास. इथे आल्यापासून दोन्ही बंद, कारण ‘संशोधन करणाऱ्याला हे परवडत नाही’ असं तिकडच्या सरांनी सांगितलं होतं. आणि आता विचारतोस की हा खेळ शिकून घेऊ का, नाही शिकलो तर माझं काही अडेल का? मला ताई म्हटलं आहेस, तेव्हा अरे-तुरेच करते.

सरळ उत्तर आधी देते. खेळ शिकला नाहीस तर पदवी अडणार नाही. माझ्या ओळखीत असे उत्तम शास्त्रज्ञ आहेत ज्यांनी चॅपल हिलमध्ये, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावात, वीस वर्षं काढली आणि एकही सामना पाहिला नाही. पण तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. लॅबमधल्या माणसांत मिसळायचं कसं, हा एक. आणि प्रयोगाखेरीज दुसऱ्या कशात जीव रमवण्याची आपल्याला मुभा आहे का, हा दुसरा. बास्केटबॉलचं निमित्त पहिल्याला आहे, पण तुला खरा त्रास दुसऱ्याचा होतोय असं मला वाटतं. तबल्याबद्दल लिहिलेल्या दोन ओळी बाकी सगळ्या प्रश्नापेक्षा जड आहेत.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. क्वालिफायर, म्हणजे पीएच.डी.ची पात्रता परीक्षा, दोन महिन्यांवर असेल तर आधी ती पार कर, बाकीचं नंतर. तुझे पीआय कसे आहेत हेही महत्त्वाचं. काही जण निकाल बघतात, काही जण खुर्चीवर अडकवलेलं जॅकेट बघतात. दुसऱ्या प्रकारचे असतील तर संध्याकाळी साडेसहाला निघताना थोडं सांभाळून राहावं लागतं. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असेल तर तिचाही भार मनावर असतो. हे सगळं धरून पुढचं वाच.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची संशोधक) म्हणून चॅपल हिलला आले. पीएच.डी. भारतात झाली होती. माझ्या गाईडनीही हेच शिकवलं होतं की संशोधकाला छंद नसतात, ज्याला असतात तो अर्धा संशोधक. मी ते मनापासून मानत होते. पहिले आठ महिने मी लॅबमध्ये कोणाशी कामापलीकडे एक वाक्य बोलले नसेन. आमच्या पीआय बाईंना ‘मॅम’ म्हणायचे, त्या दर वेळी नावाने हाक मार म्हणायच्या, आणि मी मग हाक मारायचंच टाळायचे.

४ एप्रिल २००५, सोमवारची रात्र. मी कोल्ड रूममध्ये होते, चार डिग्रीला, प्रोटीन वेगळं करणारा कॉलम लावून. फ्रॅक्शन कलेक्टर दर दोन मिनिटांनी टक् करून पुढच्या ट्यूबवर सरकत होता. मजल्यावर बाकी कोणी दिसत नव्हतं. फ्रॅक्शन्स बर्फात ठेवून बाहेर आले तर सेमिनार रूममधून आरडाओरडा ऐकू आला. दारात आमच्या मजल्यावरची काचेची भांडी धुणाऱ्या आणि ऑटोक्लेव्ह बघणाऱ्या बाई उभ्या होत्या. साठीच्या, फिकट निळ्या स्वेटरमधल्या. आठ महिने त्यांनी धुतलेले फ्लास्क मी वापरत होते आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली बर्फाची बादली घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, बैस.

राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध इलिनॉय. शेवटची दोन मिनिटं संपता संपत नव्हती. मी विचारलं, हरणारा संघ मुद्दाम फाऊल का करतोय? त्यांनी हसू न आणता समजावलं. फाऊल केला की घड्याळ थांबतं, समोरच्याला फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायचे चेंडू) मारावे लागतात, तो एखादा चुकला तर चेंडू परत आपल्या हातात येण्याची आशा असते. मागे पडलेल्याकडे वेळ विकत घ्यायचा तेवढाच मार्ग उरतो. आमच्या पीआय मागे वळून त्यांनाच विचारत होत्या, आता कोणाला आत पाठवतील? त्या खोलीत त्या रात्री सगळ्यांत जाणकार त्याच होत्या आणि हे सगळ्यांना मान्य होतं. ७५–७० ने सामना जिंकल्यावर हजारो माणसं फ्रँकलिन स्ट्रीटवर धावली, त्यांत मीही होते.

त्यानंतर दर सोमवारी मी भांडी घ्यायला गेले की पाच मिनिटं बोलणं व्हायचं. पुढच्या वर्षी मला एक जुना प्लास्मिड, म्हणजे प्रयोगासाठी तयार केलेलं डीएनएचं कडं, हवा होता. करणारा विद्यार्थी दहा वर्षांपूर्वी निघून गेला होता, लॅबच्या यादीत नोंद नव्हती, आणि परत क्लोनिंग करायचं म्हणजे दोन महिने जाणार होते. सहज त्यांच्याजवळ बोलले. त्या म्हणाल्या, त्याच्या सगळ्या डब्यांना पिवळी टेप असायची, मायनस एटी फ्रीझरच्या तळच्या कप्प्यात बघ. तासाभरात नळी हातात होती. बर्फाचा थर खरवडल्यावर त्यावरचं अक्षर दिसलं, तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे.

लॅब ही उतरंड आहे, हे तुला एव्हाना कळलंच असेल. पीआय, पोस्टडॉक, विद्यार्थी, टेक्निशियन. ग्रुप मीटिंगमध्ये चूक बोललो तर काय, ही भीती प्रत्येकाच्या पोटात असते. ब्रॅकेटमध्ये मात्र सगळेच चुकतात, सगळ्यांसमोर चुकतात, आणि पुढच्या वर्षी परत भरतात. तुझ्या टेबलावरच्या गप्पा या कारणासाठी मोलाच्या आहेत. हे काम आपल्याकडे क्रिकेट करतं. इथल्या तीन विद्यापीठांच्या टापूत ते बास्केटबॉल करतं. दुसऱ्या कुठल्या गावात असतास तर कदाचित फुटबॉलने किंवा गिर्यारोहणाने केलं असतं.

आता शिकायचं ठरवलंसच तर अडचण फारशी नाही. तू कबड्डीचा आहेस. चढाईला जसे ३० सेकंद असतात तसेच इथे चेंडू हातात आल्यावर ३० सेकंदांत बास्केटकडे टाकावा लागतो. पाच-पाच खेळाडू, २० मिनिटांचे दोन भाग. एक हंगाम पाहिलास की बाकीचं आपोआप कळेल. इथलं वैर मात्र समजून घे. ड्यूक विद्यापीठ आणि चॅपल हिल यांच्यात दहा मैलांचंही अंतर नाही. ड्यूक गडद निळा, आम्ही फिकट निळे. ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये जेमतेम ९,३०० माणसं मावतात, म्हणून तिकीट मिळवण्यासाठी तिथले विद्यार्थी तंबू ठोकून राहतात. तिथल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांचाही शरद ऋतूच्या सुरुवातीला एक तळ पडतो. रात्री-अपरात्री भोंगा वाजतो, वाजला की ठराविक वेळात हजेरी द्यायची, आणि जे शेवटपर्यंत टिकतात त्यांच्यात हंगामाच्या तिकिटांची सोडत काढतात. तू ड्यूकला असशील तर एकदा कर. दोन दिवसांत जितकी माणसं भेटतील तितकी वर्षभराच्या सेमिनारमध्ये भेटत नाहीत.

२ एप्रिल २०२२ ला हे दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच एकमेकांसमोर आले, तेही उपांत्य फेरीत. ड्यूकचे प्रशिक्षक माईक शेशेव्स्की यांची ४२ वर्षांची कारकीर्द त्या रात्री ८१–७७ ने संपली. ड्यूकमधल्या एका सहकाऱ्याबरोबर माझी तेव्हा एक ग्रँट चालू होती. सोमवारी आमची मीटिंग होती. मी काही बोलायच्या आत त्याने उठून हात पुढे केला. त्याच रात्री आम्ही मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असूनही कॅन्ससकडून अंतिम सामना ७२–६९ ने हरलो, आणि मंगळवारी सकाळी पहिला फोन त्याचाच आला. या वैरात असा आदर आहे. विज्ञानातही तो आहे. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए-दुरुस्तीच्या कामाला मिळालं. तिघांपैकी पॉल मॉड्रिच ड्यूकचे आणि अझीझ संजार आमच्या चॅपल हिलचे. तरुणपणी तुर्कस्तानात संजार फुटबॉलचे उत्तम गोलरक्षक होते, हे त्यांच्याबद्दल इथे सगळ्यांना ठाऊक असतं.

तुला बायोकेमिस्ट म्हणून या खेळात काय मिळेल, ते मात्र जरा सविस्तर सांगते, कारण हा माझा आवडता भाग आहे. मुख्य स्पर्धेच्या ब्रॅकेटमध्ये ६४ संघ आणि ६३ सामने. प्रत्येक सामन्याला नाणं उडवलंस तर सगळे निकाल बरोबर येण्याची शक्यता दोनाच्या ६३ व्या घातात एक, म्हणजे साधारण ९ वर १८ शून्यांत एक. समजा तू फार जाणकार आहेस आणि दर सामन्याला ७० टक्के बरोबर असतोस. तरी शक्यता पावणेसहा अब्जांत एकच्या आसपास. माझ्याकडे येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला मी हे गणित फळ्यावर करायला लावते, आणि लगेच पुढचा प्रश्न विचारते. तुझं प्रोटीन प्युरिफिकेशन पाच पायऱ्यांचं आहे, दर पायरीला ७० टक्के माल हाती लागतो, शेवटी किती उरेल? १७ टक्के. ‘दर पायरी चांगली गेली’ असं सांगणाऱ्या मुलाचा चेहरा तेव्हा बदलतो. मग तो स्वतःच विचारतो, यातली कुठली पायरी गाळता येईल?

दुसरं उदाहरण ‘हॉट हँड’चं. खेळाडूचे दोन-तीन शॉट ओळीने पडले की पुढचाही पडेल, हाताला गरमी आली आहे, असं खेळणारे आणि बघणारे सगळेच मानतात. १९८५ मध्ये गिलोविच, वॅलोन आणि टवर्स्की यांनी आकडे तपासून म्हटलं की हा भ्रम आहे. तीसेक वर्षं ते पाठ्यपुस्तकांत शिकवलं गेलं. मग २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी दाखवलं की मोजण्याच्या पद्धतीतच एक सूक्ष्म झुकाव होता. तो झुकाव तू स्वतः वहीत पाहू शकतोस. नाणं तीनदा उडव. एकूण आठ प्रकार होतात. प्रत्येक प्रकारात एवढंच मोज, की छाप्यानंतर लगेच येणाऱ्या फेकींपैकी किती छापे आहेत. छापा-छापा-छापा असेल तर सगळे, छापा-छापा-काटा असेल तर अर्धे, काटा-छापा-छापा असेल तर सगळे, छापा-काटा-छापा, छापा-काटा-काटा आणि काटा-छापा-काटा या तिन्हींत शून्य. उरलेल्या दोन प्रकारांत छाप्यानंतर फेकच नाही, ते गळतात. सहांची सरासरी काढ. ५० टक्के यायला हवी असं वाटतं, येते ५/१२, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. नाणं अगदी खरं आहे, तरी सरासरी खाली सरकली. तेव्हा एखादा खेळाडू ५० टक्के दाखवत असेल तर त्याच्या हाताला खरंच काहीतरी गरमी असणार. झुकाव काढून टाकल्यावर जुन्याच आकड्यांत हॉट हँड दिसू लागला.

हे मी पहिल्यांदा वाचलं त्या संध्याकाळी आमच्या लॅबमधले दोन वर्षांचे आकडे परत काढून बसले. प्रयोग जमला त्या दिवसानंतरचे दिवसच आपण मोजत होतो का, कुठल्या बॅचेस गाळल्या होत्या, का गाळल्या होत्या? एक निष्कर्ष मागे घ्यावा लागला. मॅन्युस्क्रिप्ट अजून पाठवलेलं नव्हतं हे आमचं भाग्य. जेवणाच्या टेबलावरच्या वादातून हे झालं, जर्नल क्लबमधून नव्हे. इथले थोर प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी कॅन्सस विद्यापीठातून गणित घेऊन पदवी घेतली होती. संघाने एकूण किती गुण केले यापेक्षा चेंडू हातात आला त्या प्रत्येक वेळेमागे किती केले, हे ते फार पूर्वीपासून मोजत. विभाजक कोणता घ्यायचा, हा प्रश्न तुझ्या एन्झाइमच्या आकड्यांनाही तितकाच लागू आहे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर चित्र अपुरं राहील. माझ्याच गावच्या या विद्यापीठात १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले. तास नाहीत, शिक्षक नाहीत, एक निबंध दिला की चांगले गुण. २०१४ च्या चौकशी अहवालात ३,१०० हून जास्त विद्यार्थी त्यात होते असं पुढे आलं, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. मी तेव्हा शिकवत होते आणि मला फार लाज वाटली. त्या मुलांना शिक्षण देण्याचं वचन दिलं होतं आणि ते मोडलं गेलं. शिवाय प्रशिक्षकाचा पगार नोबेल मिळवलेल्या प्रोफेसरच्या कितीतरी पट असतो आणि तुझा स्टायपेंड तुला माहीत आहेच. लॅबमध्ये कोणी यावर रागाने बोललं तर ऐकून घे, त्याचं बरोबर असतं. खेळावर माझं प्रेम आहे, या व्यवस्थेवर नाही.

आता तबल्याकडे येते. ‘परवडत नाही’ हे वाक्य ज्यांनी तुला सांगितलं ते वाईट माणूस नसणार. त्यांच्या काळात साधनं कमी होती, जागा कमी होत्या, आणि अंगावरचं दडपण त्यांनी पुढे दिलं. माझ्या गाईडनीही तेच केलं. पण मी इथे पाहिलेली माणसं काही वेगळंच सांगतात. ऑलिव्हर स्मिथीज १९८८ पासून आमच्याकडे होते, २००७ चं नोबेल त्यांना मिळालं. विमान आणि ग्लायडर चालवायचा त्यांना नाद होता. शनिवारी लॅबमध्ये येऊन ते मनाला येईल तो प्रयोग करत. १९५४ मध्ये टोरोंटोत असताना इन्सुलिनचं इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या मदतीने प्रोटीन्स वेगळी करणं) कागदावर जमेना, सगळं चिकटून बसायचं. तेव्हा लहानपणी आई शर्टांना खळ करायची ती त्यांना आठवली. शिजवलेली खळ गार झाली की थिजते. त्यांनी स्टार्च शिजवून जेल ओतलं आणि प्रोटीन्स सुटी झाली. तू आज जे पॉलिअक्रिलामाइड जेल चालवतोस, त्याच्या मागे ते खळीचं पातेलं आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं तर जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली होती. त्यांच्या खगोलशास्त्राचं त्याने काही बिघडलं नाही.

छंदाने नोबेल मिळतं असा हिशेब मात्र करू नकोस, तसं काही नसतं. माझा अनुभव साधा आहे. पीएच.डी.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक काळ येतो जेव्हा सहा-सहा महिने एकही प्रयोग जमत नाही. त्या काळात ज्याच्या हाताला दुसरं काही येतं तो टिकतो, कारण आठवड्यातून एकदा तरी त्याला आपल्याला काहीतरी जमतं हे पटतं. माझ्या लॅबमधून दोन मुलं अर्ध्यावर सोडून गेली. दोघंही हुशार होती आणि दोघांनीही पहिल्याच वर्षी बाकी सगळं बंद केलं होतं. तेव्हा मला ते दिसलं नाही, याची मला आजही खंत आहे. म्हणून आता नव्या मुलाला पहिल्या महिन्यातच विचारते, लॅबबाहेर काय करतोस?

तर तुझ्यापुरतं असं कर. या मार्चमध्ये ब्रॅकेट भर. पैसे लावायचे नसतील तर तसं सरळ सांग, नुसता भरतो म्हण. पहिल्या फेरीत पहिल्या मानांकनाच्या संघांनाच जिंकव. पुरुषांच्या स्पर्धेत १६ व्या मानांकनाने पहिल्याला हरवल्याची घटना २०१८ मध्ये व्हर्जिनियाच्या आणि २०२३ मध्ये पर्ड्यूच्या वाट्याला आली, त्याखेरीज १९८५ पासून २०२३ पर्यंत कधीच नाही. टेबलावर मत द्यायची घाई नको, प्रश्न विचार. लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचार, तुम्ही पाहिलेला सगळ्यांत चांगला सामना कुठला? नंतर त्यांना मोबाइलवर कबड्डीची एक चढाई दाखव. ३० सेकंद, दम धरून ‘कबड्डी कबड्डी’, आणि सात जणांच्या तावडीतून परत रेषेपर्यंत. ते लोक ती पुन्हा लावायला सांगतील, हे मी करून पाहिलं आहे. तुझ्या पीआयना एकदा स्पष्ट सांग की आठवड्यातली एक संध्याकाळ तुझी ठरलेली असते. कारण सांगितलंस तर बहुतेक जण मान देतात, न सांगता गायब झालास तर शंका घेतात. मार्चमध्ये मीटिंग लवकर आटोपणारा माणूस हे समजून घेईल, असं मला वाटतं.

तबला इथे आणला आहेस की घरीच आहे, ते लिहिलं नाहीस. घरी असेल तर पुढच्या खेपेला घेऊन ये. डग्गा वेगळा बांध, दोन्हींना कपड्यांत गुंडाळ, बरोबर हातोडी आणि एक जादा पुडी (वरचं कातडं) ठेव, कारण इथे पुडी बदलून देणारं जवळपास कोणी मिळत नाही. हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली हवा फार कोरडी होते, पुडी ताणते आणि कधी तडकते. जमिनीतल्या झडपेतून गरम झोत येतो, त्याच्यापासून लांब ठेव आणि शेजारी पाण्याचं भांडं असू दे. गणपतीत इथल्या मराठी मंडळींना तबलजी दर वर्षी शोधावा लागतो. ऑगस्टच्या आधी मला निरोप कर, पेटीवर साथ करणाऱ्यांशी गाठ घालून देते.